लहूदादाचा डबा

गाडी चालवण्यात काय मोठं, असं दत्ताराम परब स्वतःच म्हणायचा. मूठ दाबून धरली, हँडल फिरवलं, की चालते बापडी. खरी गोम आहे ती थांबवण्यात. नऊ डब्यांचं धूड भरवेगात फलाटात शिरतं आणि ते नेमकं टोकाच्या पाटीपाशी उभं करायचं, हातभर मागे नाही की हातभर पुढे नाही. यात दत्तारामचा हात धरणारा त्या लाइनीवर सापडला नसता. आणि मुलुंडला तर तो अशी गाडी लावायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. कारण तिथे त्या पाटीखाली त्याचा थोरला भाऊ, लहू, जेवणाचा डबा घेऊन उभा असायचा.

कसाऱ्याची गाडी म्हणजे लांबची गाडी. कल्याण सोडलं की स्टेशनं विरळ होतात, दोन्ही अंगांना भातखाचरं लागतात, आणि आपण लोकल नव्हे, मेलगाडीच हाकतोय असं वाटायला लागतं. जाऊन परत येईतो दिवस मोडतो. मग मोटरमनने जेवायचं कुठे? म्हणून लाइनीवर राहणाऱ्यांची एक रीतच पडून गेली होती. घरचं कुणीतरी फलाटाच्या टोकाला उभं राहायचं. गाडी थांबली की केबिनच्या खिडकीतून भरलेला डबा आत, कालचा रिकामा बाहेर. मागून गार्डाने घंटेचे दोन टोले दिले की गाडी सुटली. कुणाची बायको यायची, कुणाची आई. दत्तारामचा डबा आधी त्याची बायको शेवंती आणायची. मग लहूने ते काम आपल्याकडे घेतलं.

घेतलं म्हणजे काय, हिसकावूनच घेतलं. लहू परळच्या एका गिरणीत साच्यावर होता, जॉबरच्या हाताखाली कापड विणायचा. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. बायको मथुरा कुडाळकडे गावाला, आणि हा मुलुंडला धाकट्या भावाच्या दोन खोल्यांत, रात्री गॅलरीत पथारी टाकून. पन्नाशीचा माणूस, जन्मभर राबलेला, आता बसून खायचं म्हणजे घास घशाखाली उतरत नव्हता. मग पाणी भर, दळण आण, बाजार कर, असं चालायचं. डब्याचं तर त्याला वेडच लागलं.

"शेवंते, तू कित्याक उन्हातून जातंस? मी जातंय मां," म्हणायचा आणि गाडीच्या किती तरी आधी फलाटावर हजर. बाकावर जो कोणी बसला असेल, हमाल असो, म्हातारी असो, त्याला सांगायचं ठरलेलं: "आता येतली ती गाडी माझो भाव चालयता." तोवर गाडी यायची, आणि खिडकी बरोब्बर लहूच्या हातासमोर उभी राहायची. लहूला पाऊल उचलावं लागायचं नाही. तो बाकाकडे वळून नुसता बघायचा. बघितलंत ना, असं.

दोघा भावांचं बोलणं एवढंच. "दत्तू, काळे वाटाणे आसत, गरम आसत." "बरं दादा." टन् टन्. चालली गाडी.

या दत्तूला गावाहून आणला लहूनेच. बाप गेल्यावर पोरगं शेळ्यांमागे फिरत होतं, त्याला बोटीत घालून मुंबईला आणलं, खानावळीत आपल्या शेजारी जेवायला बसवलं, आणि तो शिकावा म्हणून वर्षानुवर्षं डबल पाळी केली. दत्ताराम रेल्वेत लागला तेव्हा लहूने गिरणीतल्या अख्ख्या खात्याला पेढे वाटले होते. हे सगळं दत्तारामला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर पुढे जे झालं त्याचा राग येतो.

दिवाळी तोंडावर आली होती. दत्तारामला कसाऱ्याची गाडी मिळाली होती, पण अजून पक्की झालेली नव्हती. पक्कं करायचं की नाही हे इन्स्पेक्टर प्रधानसाहेबांच्या हातात, आणि ते अधूनमधून केबिनमध्ये येऊन शेजारी बसायचे. गोरापान माणूस, अंगाला सेंटचा वास, कमी बोलणारा. वाईट मुळीच नव्हता. पण साहेब शेजारी बसला की दत्तारामची पाठ आपोआप ताठ व्हायची आणि शब्दांतलं मालवणी पार पळून जायचं.

त्या दुपारी साहेब बसलेले. घाटकोपर गेलं, भांडुप गेलं. मुलुंडचा फलाट दिसायला लागला, आणि दत्तारामला लांबूनच लहू दिसला. लहू सकाळपासून घराला चुना लावत होता. दत्तारामच्याच घराला! वेळ झाली तसा उठला आणि होता तसा निघाला. भोकं पडलेला गंजीफ्रॉक, पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, डोक्याला पंचा, आणि केसांपासून पायाच्या नखांपर्यंत चुन्याचे शिंतोडे. दाढी आठवड्याची. हातातला डबा तेवढा लखलखीत.

दत्तारामला लाज वाटली. काय लपवायचं, वाटली. शेजारी सेंटचा वास आणि समोर हे ध्यान. तरी गाडी सवयीने बरोब्बर जागेवर लागली.

"दत्तू," लहू हसला, "आज उशीर झा—"

"हा कोण हो, परब?" साहेबांनी विचारलं.

विचारण्यात काही नव्हतं. कुणीही विचारील. आणि दत्ताराम चटकन म्हणाला, "गडी आहे साहेब. डबा आणतो."

अरे, जीभ कशी झडली नाही! एक शब्द बदलून भाऊ म्हटलं असतं तर साहेबाने काय खाल्लं असतं याला? पण निघून गेलं तोंडातून. खिडकी उघडी, लहू हातभर अंतरावर. ऐकायला न येण्याचा प्रश्नच नव्हता.

लहूच्या तोंडावरची रेषा हलली नाही. रोज तो डबा एका हाताने पुढे करायचा. आज त्याने दुसरा हातही खाली लावला, मान जराशी लववली आणि म्हणाला, "घ्या साहेब."

दत्तारामने डबा घेतला. रिकामा द्यायचा विसरला. घंटा झाली, गाडी निघाली, आणि ठाणं येईपर्यंत त्याच्या कानांच्या पाळ्या तापलेल्या होत्या. कसाऱ्याला डबा उघडला तर वर वाटाणे आणि खाली, दुमडलेल्या पोळीत, गुळाचा खडा. लहानपणापासून दत्तूला जेवल्यावर गूळ लागतो हे लहूशिवाय कुणाच्या लक्षात असणार? दत्तारामला दोन घासही गेले नाहीत. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

संध्याकाळी घरी जाताना त्याने मनाशी ठरवलं, दादाचे पाय धरायचे. लहू न्हाऊन गॅलरीत केस पुसत बसला होता.

"दादा, दुपारी..."

"चुनो कसो बसलो, बघ," लहू म्हणाला. "नीळ जरा जास्त पडली काय रे?"

दत्तारामने भिंतीकडे बघितलं. "छान झालाय," म्हणाला. आणि विषय राहिला तो राहिलाच.

एवढ्यावर भागलं असतं तरी नशीब. पण चार दिवसांनी प्रधानसाहेब पुन्हा केबिनमध्ये. मुलुंडला लहू उभा, या वेळी धुतलेला सदरा, दाढी केलेली, भांग पाडलेला. नीट बघणाऱ्याला दोघांची नाकं सारखी दिसली असती. पण गड्याच्या नाकाकडे बघतो कोण?

"काय रे, नाव काय तुझं?" साहेबांनी खिडकीतून विचारलं.

"लहू, साहेब."

"वेळेवर असतोस. आमचं घर पश्चिमेलाच आहे, स्टेशनासमोर. मी या गाडीवर असेन तेव्हा माझाही डबा आणशील का? बाईसाहेब बाकीचं सांगतील."

लहूने दत्तारामकडे बघितलं. नुसतं बघितलं. आता हा काही बोलणार असेल तर बोलू दे, म्हणून वाट बघितली. आणि दत्तारामने काय करावं? समोर ब्रेकच्या दाबाचं घड्याळ होतं, त्याच्या काट्याकडे तो टक लावून बघत बसला. काटा जिथल्या तिथे होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"आणीन की, साहेब," लहू म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून लहू प्रधानांच्या घरी जायला लागला. डब्यापाठोपाठ भाजी आली, भाजीपाठोपाठ गाद्या उन्हात घालणं, पंखे पुसणं, सगळंच आलं. शेवंतीला त्याने सांगितलं, बाजारात एका ओळखीच्याच्या गाळ्यावर बसतो. तिला बरंच वाटलं, बिचाऱ्याचं मन रमतंय म्हणून. दत्तारामला खरं काय ते ठाऊक होतं आणि तो तोंड शिवून गप्प. सकाळी लहू चपला घालून निघाला की हा पेपर तोंडासमोर धरायचा.

हात मात्र गप्प बसेनात. मुलुंड आलं की ते बिघडायला लागले. कधी गाडी पाटीच्या अलीकडेच अडकायची, कधी पुढे जायची. साऱ्या लाइनीवर नीट थांबणारा माणूस, आणि आपल्याच स्टेशनात नवशिक्यासारखा! लहूला डबा घेऊन धावावं लागायचं. धावत यायचा, धापा टाकत दोन्ही हातांनी डबा द्यायचा, "घ्या साहेब" म्हणायचा. केबिनमध्ये दुसरं कुणी नसलं तरी साहेबच. दत्तू हा शब्द त्याने फलाटावर पुन्हा उच्चारला नाही. घरी म्हणायचा, पहिल्यासारखाच म्हणायचा, आणि ते जास्त बोचायचं.

आणि दिवाळीची पहिली आंघोळ आली. कोकणातल्या माणसाला ही पहाट म्हणजे काय ते सांगायला नको. तुळशीपाशी कारीट, ते कडू रानफळ, ठेवायचं, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचं, गोविंदा म्हणून ओरडायचं आणि मग सगळ्यांनी मिळून पोहे खायचे. पहिलं कारीट घरातल्या थोरल्याने फोडायचं. शेवंतीने रांगोळी काढली, पाट मांडले, गुळाचे, दुधाचे, दह्याचे पोहे करून ठेवले. गॅलरीत बघते तर पथारी गुंडाळलेली आणि लहूचा पत्ता नाही.

"भावोजी खंय गेले?" तिने विचारलं.

दत्ताराम म्हणाला, "येईल."

शेजारची द्रौपदी दूध घेऊन जिना चढत होती. ती म्हणाली, "अगं, तुझे दीर पश्चिमेला त्या प्रधानांच्या दारात बंब पेटवतायत. मी विचारलं, इकडे कुठे सकाळी सकाळी? तर म्हणाले, साहेबांकडे पाहुणे आलेत, आंघोळीचं पाणी तापवायला बोलावलंय."

शेवंतीने दार लोटलं. नवऱ्याकडे बघितलं. दत्तारामची मान खाली गेली तेव्हाच तिला निम्मं कळलं आणि उरलेलं तिने काढून घेतलं. त्याने सगळं सांगितलं, अगदी त्या ब्रेकच्या काट्यासकट.

"गडी?" शेवंती म्हणाली. "ज्याच्या पंगतीला जेवून मोठे झालात त्याला गडी म्हणालात? सणासुदीची पहिली आंघोळ, आमच्या घरचा थोरला लोकांच्या बायकापोरांचं पाणी तापवतोय, आणि तुम्ही इथं तेल लावून बसलात? लाज नाही वाटत?"

"वाटते," दत्ताराम म्हणाला.

"मग नुसती वाटून काय करायची ती! जावा, आत्ताच्या आत्ता घेऊन या त्यांना."

तो उठला. सदरा घातला, पूल ओलांडला, पश्चिमेला उतरला. प्रधानांची इमारत समोर दिसत होती, जिन्यापाशी बंबाचा धूर दिसत होता, धुरात वाकलेली पाठही दिसली. वरच्या गॅलरीत साहेब रेशमी झब्ब्यात पाहुण्यांशी बोलत उभे होते. दत्ताराम पानाच्या टपरीआड थोडा वेळ उभा राहिला. आणि तसाच परत आला. घरी सांगितलं, भेटले नाहीत. त्या दिवशी पोहे कुणीच खाल्ले नाहीत, आणि कारीट तुळशीपाशी तसंच पडून राहिलं.

दुपारी लहू आला तो हातात कागदाची पुडी घेऊन. "बाईसाहेबान फराळ दिल्यान. माणसा बरी आसत," म्हणत त्याने पुडी दत्तारामसमोर ठेवली. आत दोन करंज्या आणि तळातला मोडका चिवडा.

शेवंती आत तोंडाला पदर लावून रडायला लागली. लहूला कळलं, फुटलं म्हणून.

"दादा," दत्ताराम म्हणाला, "मी साहेबांना सांगतो. मी खोटं बोललो म्हणून सांगतो."

"काय सांगतलंस? तुका पक्को करूचो आसा त्या माणसान. खोटारडो म्हणान नाव झाला तर? गप रव." आणि मग, जमिनीकडे बघत, "माका काय? मी साच्यावर असताना जॉबर काय काय बोलायचो. ह्या त्याच्यापरास बरा."

दादाने थांबवलं, आणि दत्तारामच्या छातीवरचं ओझं उतरलं. सुटलो, असं त्याला वाटलं. दुसऱ्याच क्षणी, आपल्याला असं वाटलं याची इतकी शरम वाटली की तो पुडी तशीच टाकून बाहेर निघून गेला.

दिवाळी सरली. एका दुपारी प्रधानसाहेब केबिनमध्ये आले, आणि घाटकोपर सोडल्यावर म्हणाले, "परब, तुमचं काम झालं समजा. लांबची गाडी तुमची. मी आज कळवतोय."

आता निमित्त उरलं नव्हतं. भीती होती ती आता कसली? विक्रोळी, कांजूर, भांडुप, प्रत्येक स्टेशनाला दत्ताराम मनातल्या मनात वाक्य जुळवत होता. मूठ दाबून दाबून तळवा घामाने चिंब. ती मूठ सोडायची सोय नसते. गाडी चालू असताना हात उचलला की ब्रेक आपोआप लागतात आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. चालवणारा बसल्या जागी मेला तरी मागची माणसं जगावीत म्हणून ती सोय.

मुलुंड आलं. पाटीखाली लहू, दोन हातांत दोन डबे. दत्तारामने गाडी लावली. कितीतरी दिवसांनी खिडकी बरोब्बर लहूच्या हातासमोर थांबली. लहूला पाऊल उचलावं लागलं नाही. त्याचा चेहरा एकदम उजळला, आणि सवयीने तो बाकाकडे वळून बघायला गेला. मग शेजारी साहेब दिसले तसा त्याने चेहरा आवरला.

"घ्या साहेब," लहू म्हणाला.

दत्तारामने डबा घेतला नाही. तो प्रधानसाहेबांकडे वळला.

"साहेब, हे गडी नाहीत. हे माझे थोरले भाऊ आहेत. त्या दिवशी मी खोटं बोललो."

साहेब चपापले. एकदा याच्याकडे बघितलं, एकदा खिडकीबाहेर. "म्हणजे? काय रे लहू, खरं का हे?"

लहू दत्तारामकडे बघत होता. ती नजर रागाची होती की मायेची, हे दत्तारामला तेव्हा कळलं नाही आणि पुढे विचारायचं धाडस कधी झालं नाही. लहूने दोन्ही डबे खिडकीतून आत सरकवले, हात जोडले आणि हसला.

"नाय ओ साहेब," तो म्हणाला. "परबसाहेब मोठ्या मनाचे. आमच्यासारख्या गड्याला भाऊ म्हणतात."

"दादा!" दत्ताराम ओरडला.

टन् टन्. गार्डाची घंटा झाली. समोर सिग्नल हिरवा, मागे नऊ डबे माणसं. दत्तारामचा हात मुठीवर गेला, मूठ दाबली गेली, गाडी हलली. पाटी मागे गेली, आणि पाटीखाली हात जोडून उभा असलेला माणूसही मागे गेला.

साहेबांनी आपला डबा उचलून मांडीवर घेतला. मग त्यांनी दत्तारामच्या खांद्यावर हात ठेवला.

"भला माणूस आहात, परब," ते म्हणाले. "घरच्या गड्याला भाऊ मानणारी माणसं हल्ली कुठे राहिली? मला तर क्षणभर खरंच वाटलं."

नाही साहेब, खरंच आहे ते, असं म्हणायला ठाण्यापर्यंतचा सगळा रस्ता होता. दत्तारामच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि पुसायला त्याच्या हाताला सवड नव्हती. हात उचलला असता तर गाडी तिथेच उभी राहिली असती. उतरून, रुळांच्या कडेने, मुलुंडपर्यंत मागे धावत जाता आलं असतं.

त्याने हात उचलला नाही. "होय साहेब," असं म्हणाला, आणि ठाण्याला गाडी पाटीपाशी नेमकी उभी केली.